जुन्यादेखत बसवलेली हार्ड डिस्क

आमच्या घरातला कॉम्प्युटर बायकोचा होता. माझं त्याच्याशी नातं धूळ पुसण्यापुरतं, तेही ती सांगेल तेव्हाच. मी मराठी शाळेत शिकवायचो आणि ती घरी त्याच्यावर लग्नपत्रिका टाइप करून बसवायची. आदिलाबादच्या छापखान्यांत तेलुगू झरझर टाइप करणारे होते, उर्दूचेही होते. मराठी मजकूर आला की मात्र काम अडून राही. मग छापखानेवालेच लोकांना आमच्याकडे पाठवत. कापूस विकून परतणारी सरहद्दीवरच्या खेड्यांतली माणसं आमच्या ओट्यावर बसून चहा घेत, सगळ्या गोतावळ्याची नावं सांगत आणि शेवटी म्हणत, "बाई, मागं थोरलीची केली तशीच करा. फक्त नवरदेव बदला."

बसवलेली पत्रिका तपासण्याचं काम माझं. मी लाल पेन घेऊन बसे. भाजीवाली जशी भेंडी मोडून मोडून बघणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघते, तशी ती माझ्याकडे बघत राही. "झालं का समाधान?" एवढंच विचारी.

दिवाळीत तिच्या थोरल्या बहिणीच्या मुलीचा साखरपुडा झाला. आम्हाला मूल नाही. ही भाची शाळेसाठी सहा वर्षं आमच्याकडेच राहिलेली. साखरपुड्याहून परतल्यावर दुसऱ्याच दिवशी बायको कॉम्प्युटरसमोर बसली आणि भाचीची पत्रिका करून मोकळी झाली. लग्नाची तारीख अजून ठरायची होती. त्या जागी टिंबं ठेवली आहेत, म्हणाली. पण मला तपासायला दिली नाही. "ही तुमच्या लाल पेनाखालून जाणार नाही. छापून आली की सगळ्यांसोबत वाचायची." भाचीला तर फोनवर तिनं सांगितलं की तुझ्या पत्रिकेत असं काही आहे, जे आजवर कोणाच्याच पत्रिकेत आलेलं नाही. काय, ते तिलाही सांगितलं नाही.

संक्रांत झाली आणि ती गेली. त्याविषयी मी इथे लिहीत नाही. ते लिहायला मला अजून वेळ लागेल.

होळीनंतर लग्नाची तारीख निघाली आणि इचोड्याहून मेहुणीचा फोन आला. तिला आम्ही दोघंही अक्का म्हणायचो. मी अजून म्हणतो.

"भाऊजी, पत्रिका काढा. बुधवारी छापखान्यात द्याची हाय. त्याच्याजवळ लगनसराईची रांग लागून राह्यली."

"छापखान्यात तयार नमुने असतात, अक्का," मी म्हणालो. खरं म्हणजे कॉम्प्युटरच्या खोलीत जायचं मी दोन महिने टाळत होतो.

"नमुने त्याच्या पोरीच्या लग्नाले वापर म्हणा त्याले. माझ्या पोरीले तिच्या मावशीचीच पत्रिका पाह्यजे."

फोन ठेवून मी खोलीत गेलो आणि बटण दाबलं. पंखा फिरू लागला, पण पडदा काळाच राहिला. थोड्या वेळानं आतून आवाज यायला लागला: कट्, कट्, थोडा दम, पुन्हा कट्. कोणी आत बसून अडकित्त्यानं सुपारी कातरत असावं तसा.

कापूस बाजाराच्या मागच्या गल्लीत कॉम्प्युटर दुरुस्त करणारे एक गृहस्थ आहेत. पन्नाशीचे, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, बोलायला शांत. मी कॉम्प्युटरचा डबा ऑटोत मांडीवर घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी डॉक्टर पाठीला कान लावतात तसा डब्याला कान लावला.

"हार्ड डिस्क गई, सर. पूरी नई गई, जा री. इसपे सिस्टिम अब नई उठती. पर माल अंदर हैच."

"और कितने दिन?"

"दिन नक्को गिनो. बारी गिनो. चार बारी चालू होएंगी, होई तो पाँच. आगे मेरे भरोसे नक्को रहो."

उपाय त्यांनी सोप्या भाषेत सांगितला. नवी हार्ड डिस्क बसवायची. तिच्यावर ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे कॉम्प्युटरला उठवून कामाला लावणारा मूळ प्रोग्राम, नव्यानं टाकायची. कॉम्प्युटर नव्या डिस्कवर नीट चालू लागला की जुनी डिस्क बाहेरून एका वायरीनं पाहुण्यासारखी जोडायची आणि जे अगदी हवं ते आधी काढून घ्यायचं. ते स्वतः करून द्यायला तयार होते, पण आठ दिवसांनी. परीक्षांचे दिवस होते. शाळाशाळांतून आलेले डबे त्यांच्या भिंतीला ओळीनं लागले होते. आमच्याकडे आठ दिवस नव्हते. आणि असते तरी तिचा डबा त्या ओळीत ठेवून यायला माझं मन झालं नसतं.

"मैं करता हूँ," मी म्हणालो.

त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "आप? कैसा करेंगे?"

"पढ़ के."

"हौ, पढ़ के तो लोगां कलेक्टर हो जाते, सर," ते अगदी आदरानं म्हणाले. मग त्यांनी मला एक पेन ड्राइव्ह भरून दिला, जुनी डिस्क बाहेरून जोडायची वायर दिली, आणि नव्या डिस्कच्या खोक्याचं झाकण उलटं करून त्यावर हिंदीत आकडे घालून पायऱ्या लिहून दिल्या. पहिली पायरी ठसठशीत अक्षरांत, खाली दोन रेघा मारून: पुरानी डिस्क पहले निकाल के अलग रखना.

रविवारी सकाळच्या बसनं अक्का आणि साडू आले. अक्कानं पिशवीभर मेथी आणि वांगी आणली होती, कारण मी एकटा काय खात असेन याबद्दल तिची मतं पक्की आहेत.

साडूंबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. त्यांचं इचोड्याला हायवेवर किराणा दुकान आहे. माणूस व्यवहारी. पण त्यांच्या घराण्यात एक नेम चालत आलाय, तो ते कोणासाठी मोडत नाहीत: नवी वस्तू जुन्यादेखत बसवायची. दुकानात इलेक्ट्रॉनिक काटा आला तेव्हा जुना पितळी तराजू आठवडाभर त्याच्या शेजारी टांगलेला होता आणि पहिली किलोभर तूर दोघांनी मिळून तोलली. नवं कुलूप आलं तर जुनं कुलूप त्याच कडीत एक दिवस सोबतीला. घरी नवा फ्रिज आला तेव्हा त्यांनी जुना बंद करू दिला नाही. दोन्ही फ्रिज शेजारी शेजारी दिवसभर घरघरले आणि दिवेलागणीला फ्यूज उडाला.

"जुन्यानं नव्याले घर दाखवलं पाह्यजे," असं साडू म्हणतात. फ्यूज उडाल्यावर त्या अंधारात घर कितीसं दिसलं, असं माझ्या बायकोनं त्यांना भर पंगतीत विचारलं होतं.

तर मी चटईवर डबा आडवा ठेवला, चार स्क्रू काढले, बाजूचा पत्रा उघडला आणि झाकणावरची पहिली पायरी मोठ्यानं वाचली.

"थांबा, सर," साडू म्हणाले. सगळं गाव मला सर म्हणतं, साडूही म्हणतात. "जुनी काऊन काढता?"

"लिहिलंय तसं."

"त्यानं लिहिलं. त्याले आपल्या घरची रीत काय माहीत? जागा तं दोन दिसून राह्यल्या. वायरी बी दोन हायेत. राहू द्या ना जुनी तिच्या जागी. तिच्यादेखत बसू द्या नवीले."

मी झाकणाकडे पाहिलं, दोन रेघांकडे पाहिलं. परीक्षेला बसलेल्या मुलांना मी सगळी नोकरी एकच सांगत आलो, की आधी सूचना नीट वाचा. आणि इथे पहिल्याच सूचनेला मी मान डोलावून बगल दिली. साडूंचा मान राखला, असं मी त्या वेळी स्वतःला सांगितलं. नवी डिस्क शेजारच्या खाचेत सरकवली. पाटीच्या तुकड्याएवढी हलकी होती ती.

"एवढीशी?" मेथी निवडता निवडता अक्कानं मान वर केली. "हिच्यात काय राहीन?"

"जुनीपेक्षा दुप्पट."

"मंग जुनी काय नुसती फुगलेली होती?"

पेन ड्राइव्ह डब्याच्या पुढच्या बाजूच्या खाचेत लावून मी बटण दाबलं. कट्, कट्, सुरू झालं. पडद्यावर पेन ड्राइव्हमधलं काहीच येईना. दोन मिनिटं आम्ही ती सुपारी ऐकत बसलो, मग मी घाईनं बटण बंद केलं. एक बारी गेली. मी झाकण वाचलं, पुन्हा वाचलं. पेन ड्राइव्ह काढून फुंकला, पुन्हा लावला.

"भाऊजी, हे काय लिहिलंय?" अक्का माझ्या खांद्यावरून वाकली होती. पुढच्या खाचेखाली कागदाची बारीक पट्टी चिकटवलेली होती. बायकोचं अक्षर: "हे चालत नाही. मागचं वापरा."

ती पट्टी कितीतरी वर्षं तिथे असणार. मी तिच्यावरून कितीदा फडकं फिरवलं असेल. दोन कपाटं पुस्तकं वाचलेल्या माणसानं घरातली ही एक ओळ वाचलेली नव्हती. अक्का काही बोलली नाही. न बोलताही ती बरंच बोलू शकते, बहिणीचाच गुण.

मागच्या खाचेत लावून बटण दाबल्यावर पडदा निळा झाला आणि पायऱ्या पुढे सरकू लागल्या. मी एकेक ओळ वाचून, मनात मराठी करून, मग बटण दाबत होतो. साडू म्हणाले, यापेक्षा लवकर तलाठ्याचा दाखला मिळतो. एका ठिकाणी मात्र आम्ही तिघंही थांबलो. पडद्यावर दोन डिस्कांची यादी आली आणि खाली प्रश्न: सिस्टिम कुठे टाकू? जिच्यावर टाकू तिच्यावरचं सगळं पुसलं जाईल. एकीला शून्य नंबर, दुसरीला एक. कोणती कोणाची, ते कुठेच लिहिलं नव्हतं. एक चुकीचं बोट आणि पत्रिका कायमची गेली.

"त्यात भेवाचं काय?" अक्का म्हणाली. "एक रिकामी दाखवून राह्यली, एक भरलेली. रिकामी ते नवी. भरलेली ते आपली."

झाकणावर असं सोपं काही लिहिलेलं नव्हतं. मी रिकामी निवडली. आकडे वाढत गेले, शंभरापर्यंत पोचले. साडूंनी आणलेल्या पेढ्यांचा पुडा त्यांनी सोडलाच होता, तेवढ्यात कॉम्प्युटर आपणहून बंद होऊन चालू झाला आणि तिथेच अडकला. पडद्यावर पांढऱ्या टिंबांचं चक्र फिरत राहिलं आणि आतून कट्, कट्, कट्. चहा झाला. चक्र फिरतच होतं. ही दुसरी बारी.

बंद करून पुन्हा चालू केला. तिसरी बारी. तेच चक्र, तीच सुपारी, फक्त आता दम जास्त लागत होता.

मग मी जे सकाळी करायचं टाळलं ते केलं. बटण बंद करून जुन्या डिस्कची वायर ओढली, डिस्क बाहेर काढली, आणि नुसत्या नवीवर कॉम्प्युटर लावला. काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली, जिचा अर्थ एवढाच की उठवण्याजोगं मला इथे काहीच सापडत नाही.

म्हणजे जुनी असली तर अडकतं आणि नसली तर उठतच नाही. साडूंनी पेढ्यांचा पुडा पुन्हा बांधून ठेवला.

मी दुरुस्तीवाल्यांना फोन लावला. ते जेवत होते, तरी त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"सर, एक बात बोलो. पुरानी निकाले थे ना?"

मी झाकणावरच्या दोन रेघांवरून बोट फिरवलं.

"सर? सुन रे ना?"

"नहीं निकाली."

पलीकडून हसण्याचा आवाज आला, पण हात तोंडावर धरून हसल्यासारखा. "सर, वो क्या हुआ मालूम? आप दोनों को साथ में रखे. सिस्टिम देखी, जगाने की जगा तो पुरानी में पैले सेच है. उने घर बनाई नए में, और चाबी रख दी पुरानी में. अब पुरानी रही तो चाबी घूमती नई. निकाले तो चाबीच नई." मग थोडं थांबून म्हणाले, "नए डिस्क को अकेली बिठाओ, सर. साफ करके, फिर से डालो. पुरानी को एकच बारी लगाओ, सब होने के बाद. एकच बाकी समझो."

मी फोन ठेवला आणि दोघांना सांगितलं. साडूंचा चेहरा उतरला. "माह्यामुळं झालं," ते म्हणाले. "तीन बाऱ्या माह्या रीतीनं खाल्ल्या."

अक्कानं मेथीची परात बाजूला सारली. "तुमी गप बसा. भाऊजी, खरं सांगा. पह्यली पायरी वाचली होती का नाई?"

"वाचली होती."

"समजली होती?"

"समजली होती."

"मंग याहिचं काऊन ऐकलं? याहिचं तुमी तुमच्या लग्नात तरी कधी ऐकलं का?"

मला खरं सांगावंच लागलं. साडूंची रीत मला सोयीची पडली होती. ती डिस्क म्हणजे, वीसेक वर्षं त्या खोलीतून जो आवाज येई, रात्रीच्या जेवणापर्यंत जी बोटं चालत, त्यातलं उरलेलं एवढंच होतं. मला ती ओढून काढायची नव्हती. कोणीतरी काढू नका म्हणालं, आणि मी लगेच त्याचा आज्ञाधारक झालो. हे सगळं मी इतक्या नीट शब्दांत सांगितलं नाही. मी एवढंच म्हणालो, "मला काढवेना, अक्का."

अक्का उठली. देवघराजवळचा लहान पाट आणला, त्यावर धुतलेला नॅपकिन अंथरला, जुनी डिस्क त्यावर ठेवली आणि पाट डब्यासमोर, हातभर अंतरावर, मांडला.

"हे घ्या. झालं का जुन्यादेखत? देखत म्हंजे डोळ्यासमोर. गळ्यात गळा घालून नाई."

साडूंनी पाटाकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, अंतर मनात मोजलं. "वायर पाह्यजेच असं तं आमच्या बाबानं बी कधी सांगितलं नाई," ते म्हणाले. रीत बचावली होती, ते उजळले.

मग मी झाकणावरच्या पायऱ्या पहिल्यापासून घेतल्या, एकही न गाळता. यादीत आता एकच डिस्क होती. ती साफ केली, सिस्टिम पुन्हा टाकली. आकडे शंभरापर्यंत गेले. कॉम्प्युटर बंद होऊन चालू झाला, चक्र जेमतेम दोन वळसे फिरलं आणि पडदा लख्ख उघडला. आवाज काहीच नाही. ती शांतता मला परकी वाटली, पण तक्रार करण्यासारखं त्यात काही नव्हतं.

आता शेवटची बारी. जुनी डिस्क पाटावरच ठेवून दुरुस्तीवाल्यांची वायर जोडली. कट्. दम. कट्. मग पडद्यावर तिचं चिन्ह उमटलं आणि आत बायकोनं ओळीनं लावलेले फोल्डर दिसले, गावागावांच्या नावांचे. नार्नूर. इचोडा. कितीतरी गावं. ते सगळे घ्यावेत असं मनात आलं, आणि अक्कानं माझ्या मनगटावर हात ठेवला.

"आधी पोरीचं."

भाचीच्या नावाचा फोल्डर नव्या डिस्कवर टाकायला घेतला. हिरवी पट्टी अर्ध्यावर आली आणि थांबली. कट्, कट्, कट्. साडूंनी पाटाला हात जोडले. त्यांच्याकडे बघून मी हसलो असतो, पण माझेही हात मांडीवर जोडलेलेच होते. पट्टी हलली, सरकली, भरली. मी लगेच नार्नूरच्या फोल्डरकडे वळलो. तो उघडायच्या आत आतला आवाज थांबला आणि जुन्या डिस्कचं चिन्ह पडद्यावरून नाहीसं झालं. ते पुन्हा आलं नाही. इतक्या लोकांची लग्नं त्यात होती, ती गेली. पण भाचीचं होतं.

मी फाइल उघडली आणि तिघंही पुढे वाकलो. पानभर इंग्रजी अक्षरं, टोप्या, कंस, उलटसुलट खुणा. एकही शब्द लागेना.

"तिनं असं लिहिलं?" अक्का घाबरीघुबरी झाली. "असं तं खरंच कोणाच्याच पत्रिकेत आलं नसंन!"

मलाच आधी हसू आलं. दोन महिन्यांत पहिलं. कारण त्याच फोल्डरमध्ये दुसरी एक फाइल होती आणि तिचं नाव बायकोनं ठेवलं होतं: पाठराखीण. तिची ही सवय मला ठाऊक होती. पत्रिका जुन्या मराठी टंकात, म्हणजे फॉन्टमध्ये, असे. तो टंक छापखान्याच्या कॉम्प्युटरवर नसला की मजकुराचं असंच कडबोळं होई. म्हणून ती प्रत्येक पत्रिकेसोबत टंकाची फाइल पाठवायची. नव्या घरी नवरी एकटी जात नाही, तशी पत्रिकाही एकटी जाणार नाही, म्हणायची. मी पाठराखीण आधी नव्या डिस्कवर बसवली आणि पत्रिका पुन्हा उघडली.

अक्षरं जागेवर आली. अक्कानं चष्मा नाही म्हणून मला वाचायला लावलं.

"आमची पोरगी सासरी चालली. सहा वर्सं मावशीनं वेणी घालून दिली, आता वेणी घालाले दुसरं घर भेटलं. तुमी सगळे या, लवकर या. आहेर आणू नका, भूक आणा. जेवल्याबिगर कोणी जाऊ नका."

तारखेच्या जागी टिंबं. मग आशीर्वादाच्या यादीत वडीलधारे आणि वारलेली माणसं, मग निमंत्रक. निमंत्रकांत अक्का आणि साडू, त्यांच्याखाली ती, मावशी म्हणून. तिच्या शेजारी माझं नाव असायला हवं होतं. नव्हतं. मी खाली खाली वाचत गेलो. अगदी तळाला, जिथे घरातल्या बारक्या मुलांची नावं घालतात त्या "किलबिल" मध्ये, भाचरं-पुतणी मिळून सात नावं होती. आठवं माझं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट, आणि पुढे: लाल पेन घरी ठेवून.

अक्का आधी हसली. किती हसली, पदर तोंडात धरून, भिंतीला टेकून. मग तिचं हसणं दुसरीकडे गेलं आणि साडू उठून पाणी आणायला गेले. पाणी घेऊन आले तेव्हा म्हणाले, "हे मातर कोणाच्याच पत्रिकेत आलं नाई, सर. शंभर टक्के."

तारीख मी एका बोटानं भरली. मग तिच्या नावापाशी आलो. नावाआधी "सौ." होतं.

"वरच्या यादीत न्यावं लागते," साडू हलकेच म्हणाले. "आशीर्वादाच्या."

"वर नेऊ नका," अक्का म्हणाली. "बोलावणं तिचं हाय. तिथंच राहू द्या. अक्षर तेवढं बदला."

मी बदललं. एक अक्षर आणि एक टिंब. तिच्या कीबोर्डवर ते शोधायला मला बराच वेळ लागला आणि दोघांनीही मला घाई केली नाही.

बुधवारी फाइल छापखान्यात दिली, पाठराखणीसह. संध्याकाळी छापखान्यातून फोन आला. "सर, किलबिलमध्ये तुमचं नाव चुकून पडलंय. काढू का?"

"चुकून नाही," मी म्हणालो. "राहू द्या."

नव्या डिस्कशेजारची खाच रिकामी होती. साडूंना विचारून मी जुनी तिथे बसवून टाकली आहे, वायर न लावता. देखत आहे, एवढंच.

लग्न वैशाखात इचोड्याला झालं. मी पाहुण्यांच्या पंगतीकडे वळलो तर साडूंची आठ वर्षांची पुतणी हातात पत्रिका घेऊन आडवी आली. तिनं किलबिलमधल्या ओळीवर बोट ठेवून दाखवलं आणि मला ओढत मुलांच्या पंगतीत नेलं. तिथे मला सातजणांच्या शेवटी, भिंतीला, जागा मिळाली. आधी तिनं माझा खिसा तपासला. मग जिलेबी वाढली गेली, आणि मी पोटभर जेवूनच उठलो.